‘त्यानं कबूल केलंय ना सर, मग कोर्ट कशाला?’

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा. नववीचा नागरिकशास्त्राचा तास. फळ्यावर ‘न्यायमंडळ’ लिहून आम्ही वळलो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्यानं कबूल केलंय ना? मग कोर्ट कशाला?” कोण ‘तो’ हे विचारायची गरज नव्हती. बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. कारण आदल्याच रात्री ‘आरोपीची कबुली’ अशी मोठी अक्षरं असलेली एक बातमी आम्ही स्वतः घरच्या ग्रुपवर पुढे पाठवली होती. खाली दोन शब्दही जोडले होते, ‘फाशीच हवी.’ बी.एड. करून वीस वर्षं मुलांना संविधान शिकवणाऱ्या माणसाची ही अवस्था, तर बाकीच्यांना काय बोलायचं?

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आज लिहितोय. उशीर झालाय, पण दरम्यान जे जे घडलं, त्यामुळे उत्तर आता जास्त स्पष्ट झालंय.

कायदा कबुलीवर विश्वास का ठेवत नाही?

आधी साधी गोष्ट. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या देशात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम काही कालपरवाचा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो कलम २५ म्हणून होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तोच कलम २३ मध्ये आहे. कोठडीत असताना दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटच्या प्रत्यक्ष हजेरीत नसेल, तर तीही चालत नाही.

गंमत अशी की हा नियम इंग्रजांनी केला. तेच राज्यकर्ते, पोलीस त्यांचेच, तरी त्यांना स्वतःच्या पोलिसांवर भरवसा नव्हता. १८५४ साली मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला कमिशन नेमावं लागलं होतं. माणसाला मारून, उपाशी ठेवून, झोपू न देता त्याच्या तोंडून काहीही वदवून घेता येतं, हे त्यांनी मान्य केलं आणि कायद्यातून ती वाटच बंद केली. कबुलीवरच काम भागतंय म्हटल्यावर उन्हात हिंडून पुरावा कोण गोळा करणार? जिथे खुर्चीत बसून मिरची दाखवून काम होतं तिथे पाय कोण झिजवणार, हा त्यामागचा विचार.

एक अपवाद आहे. आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर जेवढ्या शब्दांमुळे ती वस्तू सापडली तेवढेच शब्द चालतात. समजा आरोपी म्हणाला, “मी ज्या कोयत्यानं त्याला मारलं तो वालधुनी नदीच्या काठी पुरलाय.” यातलं ‘कोयता अमुक जागी पुरलाय’ एवढं कोर्टात येईल. ‘मी मारलं’ येणार नाही. टीव्हीवर मात्र उलटं होतं. ‘मी मारलं’ दिवसभर पट्टीवर फिरतं आणि कोयता सापडला की नाही हे विचारायला कुणी थांबत नाही.

तसंच आरोपीच्या चारित्र्याचं. तो आधी कसा होता, त्याची लग्नं किती, दारू पितो का, शेजारी काय म्हणतात, या गोष्टी गुन्हा शाबित करायला साधारणपणे गैरलागू. बदलापूरच्या आरोपीबाबत पहिल्या दोन दिवसांत आपण सगळ्यांनी नेमकं हेच वाचलं, ऐकलं, चघळलं.

ज्युरी गेली कुठे?

विलायतेत, अमेरिकेत अजून ज्युरी असते. सामान्य माणसांतून निवडलेले बारा जण बसतात आणि दोषी की निर्दोष ते ठरवतात. तिथे या प्रश्नाची फार काळजी घेतात. एखादा पुरावा चालेल की नाही यावर वाद सुरू झाला की ज्युरीला आधी बाहेर पाठवतात, कारण एकदा कानावर पडलेलं परत काढता येत नाही. चुकून काही कानावर गेलंच तर न्यायाधीश सांगतो, ‘हे विसरा.’ माणूस सांगून विसरतो का, हा तिथलाही जुना वाद आहे. कधी कधी सगळा खटला मोडून पुन्हा नव्यानं चालवावा लागतो.

आपल्याकडेही ज्युरी होती आणि मराठी माणसाला तिचा चांगलाच अनुभव आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा दुसरा खटला मुंबई हायकोर्टात चालला. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख ‘केसरी’तले, म्हणजे मराठीतले. ज्युरीच्या हातात त्यांची इंग्रजी भाषांतरं. टिळक सांगत राहिले की भाषांतर चुकीचं आहे, मूळ शब्दाचा अर्थ असा नाही. त्यांच्या घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडलं होतं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली. लेखांत राजद्रोह आहे की नाही या प्रश्नाशी त्या कार्डाचा काय संबंध? टिळकांनी खुलासा केला की स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचं होतं म्हणून ती नावं टिपली होती. पण कार्ड ज्युरीसमोर आलं ते आलंच. बॉम्बचा काळ, आणि त्यात स्फोटकांच्या पुस्तकांची नावं. बघणाऱ्याच्या मनात काय उमटलं असेल? निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले.

या खटल्यात जामिनासाठी टिळकांच्या बाजूनं उभे राहिलेले तरुण बॅरिस्टर म्हणजे महंमद अली जिना. आणि जामीन नाकारणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या पहिल्या खटल्यात टिळकांसाठी जामीन मागणारे वकील होते. आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आधी हसतात आणि मग गप्प होतात.

दुसरा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे, नानावटी खटला. उल्हासनगरच्या जुन्या सिंधी मंडळींना तर जास्तच. २७ एप्रिल १९५९ ला नौदलातल्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. आहुजा सिंधी, नानावटी पारशी. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटींची बाजू उघडउघड लावून धरली. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जायचा, असं सांगतात. ज्युरीतले नऊ जण याच शहरात राहणारे. त्यांच्या घरी पेपर येत नव्हता थोडाच! ऑक्टोबर १९५९ मध्ये निकाल आला, आठ विरुद्ध एक, निर्दोष. सत्र न्यायाधीशांना तो इतका न पटणारा वाटला की त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. ज्युरीला कायदा समजावून सांगण्यातच चुका झाल्या होत्या, असं हायकोर्टानं म्हटलं आणि जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली. सिंधी समाज दुखावू नये म्हणून भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही त्याच सुमारास माफी देण्यात आली.

हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असं सिनेमे बघून लोक म्हणतात. तसं नाही. कलकत्त्यात त्यानंतरही ज्युरी बसत होती. पण विधी आयोगानं १९५८ सालीच ज्युरी बंद करा अशी शिफारस केली होती, आणि १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच उरली नाही. आता आरोपीचा फैसला एक प्रशिक्षित न्यायाधीश करतो. भाषांतरानं न फसणारा, पेपरानं न वाहवणारा, अशी अपेक्षा.

पण ज्युरी खरंच गेली का? आमचं मत विचाराल तर ती कोर्टाच्या खोलीतून उठली आणि बाहेर येऊन बसली. लोकलच्या डब्यात, चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर, आमच्या स्टाफरूममध्ये. आधी नऊ जण होते, आता लाखो आहेत. आणि या ज्युरीला ‘हे ऐकू नका, बाहेर जा’ असं सांगणारा कुणी नाही.

तीन स्टेशनं, एक माणूस

बदलापूरचं प्रकरण पुन्हा एकदा क्रमानं बघू. शाळेत चिमुरड्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायला पालकांना तासन्‌तास बसावं लागलं. तो राग खरा होता, रास्त होता, हे आम्ही शिक्षक म्हणून आधी नोंदवतो. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असं काही कळलं की ते पोलिसांना कळवणं शाळेवर, शिक्षकावर, प्रत्येकावर बंधनकारक आहे. ते वेळेत झालं असतं, तर रुळांवर उतरायची वेळ आली नसती.

२० ऑगस्टला लोकल दहा तासांच्या आसपास बंद राहिल्या. मागणी एकच, फाशी द्या, आत्ता द्या, आमच्या ताब्यात द्या. म्हणजे आरोपपत्र दाखल व्हायच्या आधीच निकाल आणि शिक्षा दोन्ही झाल्या होत्या. अंमलबजावणी तेवढी उरली होती.

२३ सप्टेंबर २०२४ ला आरोपीला तळोजा तुरुंगातून आणताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून तो मेला. त्यानं पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून प्रत्युत्तर द्यावं लागलं, असं पोलिसांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुठे फटाके, कुठे पेढे, कुठे ‘बदला पुरा’ची पोस्टर्स. मॅजिस्ट्रेटचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टासमोर आला. त्यात पाच पोलिसांना मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं, आणि पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नसल्याचंही नमूद होतं. एप्रिलमध्ये हायकोर्टानं गुन्हा नोंदवून तपासाचे आदेश दिले. तो वाद पुढे सुप्रीम कोर्टातही गेला.

तारखेचा एक योगायोग आम्हाला सुटत नाही. चकमकीत माणूस मेला तर चौकशी कशी करायची, याचे सोळा नियम सुप्रीम कोर्टानं घालून दिले ते ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र सरकार’ या खटल्यात, २३ सप्टेंबर २०१४ ला. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच महाराष्ट्रात हे घडलं.

मग मयताचं काय करायचं हा प्रश्न आला. पुढे पुन्हा तपासणीची गरज पडली तर, म्हणून आईबापांना दहन नको होतं, दफन हवं होतं. बदलापुरात जागा मिळेना, अंबरनाथमध्ये विरोध. हायकोर्टाला त्यात लक्ष घालावं लागलं. शेवटी २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगरमध्ये, तिथेही विरोध होऊन खणलेला खड्डा बुजवला गेल्यावर, पोलीस बंदोबस्तात माती दिली गेली. ज्याचा गुन्हा कोर्टानं अजून ठरवला नव्हता, त्याला तीन शहरांत मिळून सहा फूट जागा मिळेना.

हा माणूस निर्दोष होता असं आम्ही म्हणत नाही. तो दोषी होता असंही नाही म्हणू शकत. नेमकी हीच तक्रार आहे. आरोपी मेला की त्याच्याविरुद्धचा खटला तिथेच संपतो. त्या दोन मुलींच्या आईबापांना कोर्टाचा निकाल कधीच हातात मिळणार नाही. साक्षीपुरावे तपासून, उलटतपासणी होऊन, ‘हे घडलं, यानं केलं, यांनी दुर्लक्ष केलं’ असं एक कागद बोलला असता. उद्या त्या मुली मोठ्या होऊन विचारतील तेव्हा दाखवायला बातम्यांची कात्रणं असतील आणि पोस्टरचे फोटो.

आता उल्हासनगरचंच दुसरं प्रकरण शेजारी ठेवा. २ फेब्रुवारी २०२४. हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप. सीसीटीव्हीची चित्रफीत काही तासांत घरोघरी पोचली. आमदारांनी स्वतः एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं, होय, मीच गोळ्या झाडल्या, पश्चात्ताप नाही.

बघा, ही कबुली पोलिसांना दिलेली नाही, पत्रकाराला दिलेली आहे. कायद्यात तिला न्यायालयाबाहेरची कबुली म्हणतात. ती चालू शकते, पण एकटी कमजोर, तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. आणि ती चित्रफीत? ज्या यंत्रातून काढली त्याचं कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र नसेल, तर व्हॉट्सॲपवरची फीत कोर्टात कागदाच्या बोळ्याइतकी. खटल्याचा निकाल कोर्ट देईल, आम्ही देणार नाही. पण बाहेरच्या ज्युरीचं वागणं बघा. कॅमेऱ्यात दिसलेल्या, स्वतःच्या तोंडानं बोललेल्या माणसासाठी कुणी रूळ अडवले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पत्नी त्याच मतदारसंघातून त्याच पक्षाच्या तिकिटावर निवडून आल्या. कुणाला ‘ठोका’ म्हणायचं आणि कुणाला ‘बिचारा, मुलासाठी केलं’ म्हणायचं, ते पुरावा बघून ठरत नाही. शाळेतला झाडूवाला आणि मतदारसंघातला आमदार यांच्यात जे अंतर आहे, त्यावरून ठरतं.

आपल्या घरातली गोष्ट

आता थोडं आपल्याबद्दल बोलू, कारण हे वाचणारे बहुतेक आपलेच लोक आहेत. बदलापूरची पहिली बातमी आली तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी आधी आरोपीचं नाव शोधलं? आम्ही शोधलं. ‘आपला नाही’ हे कळल्यावर सुटकेचा श्वास टाकला, आणि मग निर्धास्तपणे फाशीच्या मागणीत सामील झालो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. दुसऱ्याच्या पोराला जो नियम नको, तो आपल्या पोरासाठी कुठून येणार?

आपल्याला तर हे सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये संध्याकाळी काही मिनिटांत सात स्फोट, १८० हून अधिक माणसं गेली. एटीएसनं तेरा जणांना पकडलं. खटला मकोकाखाली चालला. इथे तो कायदा समजून घ्यावा लागेल. मकोकाच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालते. म्हणजे १८७२ साली बंद केलेला दरवाजा महाराष्ट्रानं १९९९ मध्ये उघडला.

कबुल्या आल्या. आरोपींनी त्या कोर्टात नाकारल्या, मारहाणीनं घेतल्या म्हणून सांगितलं. काहींच्या नार्को चाचण्याही झाल्या होत्या. माणसाच्या मर्जीविरुद्ध अशी चाचणी करणं घटनाबाह्य, हे सुप्रीम कोर्टानं ‘सेल्वी’ खटल्यात २०१० मध्ये सांगितलं, पण तोवर ‘नार्कोत कबूल केलं’ हे वाक्य देशाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. २०१५ मध्ये विशेष कोर्टानं बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप.

२१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांनी बाराही जणांना सोडलं. एकोणीस वर्षांनी. एक जण त्याआधीच, २०२१ मध्ये, नागपूरच्या तुरुंगात कोविडनं गेला होता. निकाल सहाशेहून अधिक पानांचा आहे. कबुलीजबाबांचे काही भाग एकमेकांची नक्कल केल्यासारखे एकसारखे, छळ झाल्याचं म्हणणं मानावं असा वैद्यकीय पुरावा, ओळखपरेड घेणाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता, साक्षीदार कित्येक महिने गप्प आणि मग अचानक चेहरे ओळखणारे. राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जुलैला कोर्टानं एवढ्यापुरती स्थगिती दिली की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

ओळखपरेडचं जरा उलगडून सांगतो, कारण बाहेरच्या ज्युरीचा कोर्टावर थेट परिणाम होतो तो इथे. आरोपीच्या तोंडावर काळं फडकं का टाकतात? लाज वाटू नये म्हणून नाही. साक्षीदारानं त्याला परेडच्या आधी कुठेही पाहिलेलं नसावं म्हणून. एकदा फोटो पेपरात, टीव्हीत, ग्रुपवर गेला की परेड फुकट. खरा गुन्हेगार असला तर तो याच मुद्द्यावर सुटू शकतो, आणि निर्दोष असला तर फोटो बघून ओळखणारा साक्षीदार त्याला अडकवतो. फोटो फिरवणारे दोन्हीकडून नुकसानच करतात. आणि पीडितांचं काय? स्फोटांत गेलेल्यांच्या घरच्यांना आज कुणीच सांगू शकत नाही की बॉम्ब कुणी ठेवले. कबुलीच्या भरवशावर तपास झाला की असं होतं.

२०१५ मध्येच सुटलेले तेरावे आरोपी अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक. नऊ वर्षं तुरुंगात. कबुलीजबाबावर आपण सही केली नव्हती, असं ते सांगतात. ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं. आम्हीही शिक्षक, त्यामुळे ते पुस्तक हातात घेतलं तेव्हा आधी मनात आलं ते असं, की या माणसाच्या शाळेत हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काय लिहीत असतील?

कोर्टानं सांगितलंय, पण ऐकतो कोण?

सुशांतसिंह प्रकरणात वाहिन्यांनी जो धुडगूस घातला त्यावर मुंबई हायकोर्टानं १८ जानेवारी २०२१ ला निकाल दिला. चालू तपासाबाबत माध्यमांनी काय टाळावं, याची यादीच दिली. त्यात एक मुद्दा अगदी आपल्या विषयाचा: आरोपीची कथित कबुली छापताना ती कोर्टात चालणारा पुरावाच आहे असं लोकांना भासवू नये, पुरावा कायदा त्याबद्दल काय म्हणतो हे लोकांना न सांगता तर नाहीच. किती सोपं आहे! ‘ही कबुली कोर्टात चालत नाही’ एवढी एक ओळ पट्टीच्या शेवटी टाकायची. आम्ही अजून एकाही वाहिनीवर ती पाहिलेली नाही.

१३ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं त्याच पीयूसीएल प्रकरणात केंद्रीय गृहमंत्रालयाला सांगितलं की पोलिसांनी पत्रकार परिषदेत काय बोलावं आणि काय नाही, याची नियमावली तीन महिन्यांत करा. त्या खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड नानावटी प्रकरणात हायकोर्टात सरकारच्या बाजूनं उभे होते. बाप-लेकाच्या मध्ये साठेक वर्षं गेली आणि प्रश्न तिथेच राहिला.

न्यायाधीश तर माणूसच. तो सकाळी पेपर वाचतो, त्याचे शेजारी आहेत, मुलं शाळेत जातात. कबुली ऐच्छिक आहे की नाही हे ठरवायला त्याला ती आधी वाचावीच लागते, आणि मग बाद करून डोक्यातून काढावी लागते. ज्युरीच्या देशात निदान हे काम दोन वेगवेगळ्या खुर्च्यांत वाटलेलं असतं. इथे एकाच खुर्चीवर दोन्ही ओझी आहेत. बहुतेक न्यायाधीश ते प्रामाणिकपणे पेलतात, त्या सहाशे पानांवरून ते दिसतं. पण बाहेर दहा तास गाड्या अडवून बसलेला जमाव ‘आत्ता’ म्हणत असताना खालच्या कोर्टावर काय दडपण येत असेल, याचा विचार करून बघा.

घरातल्या मोठ्या मुलांना काही गोष्टी सांगून ठेवाव्यात असं आम्हाला वाटतं. पकडलं तर कारण कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणंही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक आहे. मॅजिस्ट्रेटसमोर कबुली द्यायला कुणावर सक्ती नाही. तो आधी हे समजावून सांगतो, आणि ‘मला नाही द्यायची’ म्हटलं तर त्या माणसाला परत पोलीस कोठडीत धाडता येत नाही. कोऱ्या कागदावर सही नाही, मग ती आरोपीची असो की पंचाची. पंच म्हणून बोलावलं तर जरूर जा, टाळू नका, पण डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही करा. पंच म्हणजे आज सामान्य माणसाला पुराव्याला हात लावायची मिळणारी एकमेव जागा. ज्युरीचं जे थोडं उरलंय ते हेच.

नववीचा तो मुलगा आता दहावी होऊन कॉलेजात गेलाय. मध्यंतरी अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर भेटला. हायकोर्टाचा ७/११ चा निकाल येऊन थोडेच दिवस झाले होते. आम्ही त्याला म्हटलं, “तू त्या दिवशी विचारलं होतंस, कोर्ट कशाला. उत्तर देतो, थांब जरा.” त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, पण त्या दोन मुलींचं काय?” तेवढ्यात बदलापूर लोकल लागली, त्याला पकडायची होती. उत्तर आम्ही तेव्हाही देऊ शकलो नाही. ग्रुपवर पाठवलेला तो जुना मेसेज मात्र त्याच रात्री शोधून काढला. सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाकायची मुदत केव्हाच संपली होती, म्हणून त्यालाच जोडून खाली लिहिलं, ‘ही कबुली कोर्टात चालत नाही. आम्ही चुकलो होतो.’